पूर्वेकडच्या फांद्या

सुवॉन
१४ नोव्हेंबर

आईंना,

कपाळ जमिनीला टेकवून नमस्कार.

थंडी सुरू झाली. गुडघे काय म्हणतात? रात्री खोली गरम करायला जमिनीखालच्या नळ्यांत गरम पाणी सोडता, की अजून 'नोव्हेंबरात कसली आलीय थंडी' म्हणत बॉयलरचं तेल वाचवता? मी बरा आहे. वेळेवर जेवतो. शहरातल्या लिफ्ट नेहमीसारख्या बिघडतात आणि मी नेहमीसारखा त्यांच्या डोक्यावर बसून त्या दुरुस्त करतो. परवा एक आजोबा कुत्र्यासकट लिफ्टमध्ये अडकले होते. बाहेर काढल्यावर आभार राहिले बाजूला, वर मलाच म्हणाले, "कुत्र्याला आधी काढायचं असतं, एवढं कळत नाही?" मला तुमची आठवण झाली. रागावू नका.

फोनवर बोलायचा प्रयत्न करून झाला. तुम्ही उचलता, "हं" म्हणता, आणि मग मला नुसता कोंबड्यांचा आवाज ऐकू येत राहतो. म्हणून हे पत्र. गावच्या आजीबाईंच्या शाळेत सत्तरीनंतर तुम्ही लिहायला-वाचायला शिकलात, त्याचा असा फायदा मी उठवतोय. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. चष्मा घेऊन बसा. पत्र लांबलचक आहे आणि मधेच ठेवून द्यायचं नाही.

आधी मुद्द्याचं. सरपंच ह्यॉन यांचा फोन आला होता. म्हणाले, "तुझ्या सासूनं महिनाअखेरीला जेसीबी बोलावलाय. सगळी पीचची बाग मुळासकट काढायची म्हणते. ऐन भरातली झाडं! तिला कुणी विचारायचं?" मी विचारतोय. किंवा खरं तर विनवतोय. आई, झाडं काढू नका. पुढे जे काही लिहिणार आहे ते एवढ्यासाठीच आहे.

सरपंचांना तुम्ही कारण सांगितलं नाहीत, पण मला ते माहीत आहे. ते माझ्याच घरात घडलं.

गा-हुईच्या वर्षश्राद्धाच्या संध्याकाळी आपण दोघंच होतो. चौरंग मी मांडला होता. तुम्ही गावाहून माशाची आणि भोपळ्याची धिरडी करून आणली होती. भात, सूप, वाफवलेला मासा, सफरचंद, नाशपाती, सगळं जिथल्या तिथं. उदबत्ती लावली. तिनं आत यावं म्हणून घराचं दार उघडं ठेवलं. फक्त तांदळाच्या दारूच्या पेल्याशेजारी मी एक उंच काचेचा ग्लास ठेवला होता आणि त्यात सोनेरी, जराशी गढूळ बिअर होती. तुम्ही स्वयंपाकघरातून आलात आणि दारातच थांबलात.

"हा वास कसला?"

"बिअरचा."

"बिअरचा वास तुमच्या घरी येऊन येऊन मला पाठ झालाय. हा पीचचा आहे."

"हो. पीच घालून केलेली आहे. मीच केलीय."

मग तुमचा आवाज चढला. शेजारच्यांनी टीव्ही बंद केला, एवढा चढला. "श्राद्धाच्या चौरंगावर पीच? लाल तिखट नाही, लसूण नाही, पीच नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं! पीच असला की आत्मा दाराला शिवत नाही. वर्षातून एकदा माझी लेक यायची, तिला तुम्ही दारातून हाकललंत? सात-सात तोंडांच्या राक्षसांची कुळं पाठ आहेत या माणसाला, आणि घरातला एक नियम माहीत नाही!"

मी म्हणालो, "चुकलो, आई. लक्षात राहिलं नाही."

तुम्ही जेवला नाहीत. बूट घालताना माझ्याकडे न बघता म्हणालात, "मला आई म्हणायची आता गरज नाही. तुम्ही तरुण आहात, मोकळे आहात. दुसरं लग्न करा." आणि दार ओढून घेताना स्वतःशीच म्हणालात, "एका ग्लासानं ती अडते, तर माझ्या घरी यायला दोन एकर पीचच्या बागेतून कशी येणार?" मला वाटलं, रागाच्या भरात बोललात. तुम्ही बसमध्ये, घरात, अंथरुणावर त्याच एका प्रश्नाला धरून बसला असाल, हे मला सरपंचांचा फोन येईपर्यंत सुचलं नाही.

राक्षसांची कुळं मला पाठ आहेत, हे मात्र खरं. ते व्यसन जुनं आहे. शाळेत असताना आमच्या गल्लीत जिन्याखाली भाड्यानं पुस्तकं देणारं दुकान होतं. तलवारी, जादूगार, बुडालेली राज्यं, बोलणारी जंगलं, तीन-तीन चंद्र असलेले देश. शाळा सुटली की मी तिथं काउंटरवर बसायचो, पगार म्हणून वाचायला फुकट. कॉलेजात गेलो तरी सुट्टीत तिथंच. गा-हुई मला तिथंच भेटली, हे तुम्हाला माहीत आहे. काय म्हणून भांडलो ते बहुतेक माहीत नसेल. तिनं परत आणलेल्या पुस्तकाची दोन पानं पीचच्या रसानं चिकटली होती. मी म्हणालो, "हे काय केलंस? यात जादूगाराचा शाप होता." ती म्हणाली, "चिकटला ते बरं झालं. फार बोलतो तो." मला त्या दिवसापासून दुसरं कुणी आवडलं नाही.

बिअरचं वेड नंतरचं. लग्नानंतर आमच्या न्हाणीघरात कायम काहीतरी बुडबुडत असायचं. तुम्ही पहिल्यांदा राहायला आलात आणि किमचीचा फ्रिज उघडलात तो दिवस आठवतो? आत किमचीऐवजी दोन मोठी पिंपं होती.

"किमची कुठाय?"

"गॅलरीत, आई."

"आणि आत हे कोण झोपलंय?"

गा-हुई हसून हसून जमिनीवर बसली. पण खरंच सांगतो, किमचीच्या फ्रिजसारखं बिअरला दुसरं माहेर नाही. थंडावा एका अंशानंही हलत नाही. तुमच्या पिढीनं आंबवलेली किमची टिकावी म्हणून हट्ट केला म्हणून कंपन्यांनी तो फ्रिज काढला, आणि त्याचं पुण्य आमच्यासारख्यांना लागलं.

प्रत्येक बिअरला मी एखाद्या न सापडलेल्या देशाचं नाव द्यायचो, बाटलीवर हातानं नकाशा काढायचो. चव बघायचं काम गा-हुईचं. तिची जीभ म्हणजे काय सांगू! एक घोट घ्यायची आणि म्हणायची, "ओला पुठ्ठा." पुढच्या वेळी, "डब्यात राहिलेलं केळं." एकदा म्हणाली, "ही चांगलीय. पण 'ड्रॅगनचा उच्छ्वास' हे नाव बदल, जेवताना कसं पिऊ?" तिनं चांगली म्हटलेल्या बिअर हाताच्या बोटांवर मोजण्यासारख्या, आणि त्या प्रत्येकीची कृती मला झोपेतून उठवून विचारली तरी सांगता येईल.

शनिवारी आमचा खेळ असायचा, अजून असतो. चार-पाच जण टेबलाभोवती बसून फासे टाकत एका काल्पनिक देशातून प्रवास करतो. मी गेली आठ वर्षं त्यात एक ढेरपोट्या पुजारी आहे. गा-हुई त्याला चाळिशीतल्या पोरांची भातुकली म्हणायची. पण सोफ्यावर पडल्या पडल्या कान इकडेच. मधेच ओरडायची, "अरे, त्या पुलावर जाऊ नका, तो पूल तुम्हाला फुकट का देताहेत?" आणि तिचं खरं ठरायचं.

सरपंचांचा फोन शुक्रवारी आला. शनिवारी सगळे जमले तेव्हा मी फासे बाजूला ठेवले आणि त्यांना तुमची गोष्ट सांगितली. ही माणसं कशी आहेत तुम्हाला कल्पना नाही. कुणी उसासा टाकला नाही, कुणी 'अंधश्रद्धा' म्हणालं नाही. त्यांनी ती नियमाची अडचण म्हणून घेतली. प्यो, म्हणजे आमचा खेळ चालवते ती, औषधाच्या दुकानात असते. तिनं पेन्सिल कानामागून काढली.

"पीचचा परिणाम लांबून होतो की शिवल्यावर?"

"वासानंही होत असेल," नामगुंग म्हणाला. हा बँकेत आहे, खेळात चोर असतो.

"वासानं होत असेल तर दर उन्हाळ्यात पीचच्या बागांनी भरलेल्या त्यांच्या जांगहोवॉनमध्ये एकही भूत शिल्लक राहायला नको," प्यो म्हणाली.

"पण मग तिथल्या लोकांची श्राद्धं कशी होतात?"

शेवटी नामगुंगनं त्याच्या आत्याला फोन लावला. ती गांगह्वा बेटावर अंगात येणाऱ्या देवांचं बघते, चाळीस वर्षं झाली. बाई फोनवर लसूण सोलत होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "कोण रे हे मूर्ख? पीच नव्हे, पीचची फांदी. आणि तीही पूर्वेकडे वाढलेली. तिला सकाळचं ऊन लागतं, म्हणून तिच्यात जोर असतो. भूत झोडायचं तर मी तसली फांदी तोडून आणते. बाकीचं झाड म्हणजे नुसतं झाड. फळ म्हणजे फळ."

मी विचारलं, "म्हणजे पूर्वेच्या फांद्या छाटल्या तर बाकी बाग राहू द्यायची?"

"राहू दे की. पण तुझ्या सासूला विचार, ती लेकीला झोडायला उभी आहे का तिथं? नाही ना? मग फांदी काय आपण होऊन झोडणार आहे? ठेवते मी, लसूण संपायचाय."

तर आई, असा तोडगा आहे. जाणत्या बाईनं सांगितलेला. हिवाळ्यात छाटणी करायचीच असते. मी सुट्टी काढून येतो, नामगुंगही येतो म्हणतो, कंपास घेऊन. फाटकापासून घरापर्यंतच्या वाटेवरच्या झाडांच्या तेवढ्या पूर्वेच्या फांद्या छाटू. वाट मोकळी होईल. बाग राहील.

पत्र इथं संपवायचं असं ठरवून बसलो होतो. पाकिटावर पत्ताही लिहून झाला. पण एक गोष्ट लपवून तुमच्याकडे दुसरी मागणं मला जमत नाहीये. उठलो, भांडी घासली, परत येऊन बसलो.

आई, पीचचा नियम मला माहीत होता. माझ्यासारख्या माणसाला तो माहीत नसेल, यावर तुमचा विश्वास कसा बसला याचंच मला नवल वाटलं. मला तो दहाव्या वर्षापासून माहीत आहे. मी तो ग्लास विसरून ठेवला नाही. तिनं सांगितलं होतं म्हणून ठेवला.

तिच्या शेवटच्या दिवशी सकाळी हॉस्पिटलमधून तिनं तुम्हाला फोन केला, तेव्हा मी तिच्या पलंगाशेजारी बसलो होतो. तुम्ही काय विचारलंत ते तिच्या उत्तरावरून कळलं. "कशाला येतेस? पिवळे पीच उतरवायचे दिवस आहेत. एक पाऊस आला तर सगळे जमिनीवर. आटप आणि संध्याकाळी ये. मी मस्त आहे." आवाज खणखणीत होता. फोन ठेवला आणि तिच्यात काही उरलं नाही. हात उचलून पाण्याचा पेलाही धरवेना. मी म्हणालो, "मी आईंना बोलावतो." ती म्हणाली, "नको. आई समोर असली की मला शूर व्हावं लागतं. आज मी दमलेय."

थोड्या वेळानं डोळे मिटूनच हसली. म्हणाली, "माझ्या श्राद्धाला पीचची बिअर ठेव हं. ऑगस्टात मी कापून फ्रीजरमध्ये ठेवलेत ना, त्यांची."

मी म्हणालो, "चौरंगावर पीच? भुतं पळतात."

"म्हणूनच. बाकीची उपटसुंभ भुतं आयतं खायला येणार नाहीत. पीच असूनही जी आली, ती मी, असं समज. मी पीचमध्ये वाढलेय. उन्हाळेच्या उन्हाळे पीचच्या लवेनं हात खाजवत काढलेत. मला पीच काय करणार?"

मग झोपली, ती उठली नाही. तुम्ही संध्याकाळी आलात तेव्हा तुमच्या बाह्यांना पीचची लव चिकटलेली होती.

हे मी तुम्हाला वर्षभर सांगितलं नाही. बिअरचं सांगायचं तर दमल्याचंही सांगावं लागलं असतं, आणि तुम्हाला वाटलं असतं की शेवटच्या दिवशी लेकीला आई नको होती. म्हणून त्या संध्याकाळी 'विसरलो' म्हणून मोकळा झालो. मला शिव्या बसतील, विषय संपेल, असा हिशेब होता. त्या एका ग्लासावरून तुम्ही सगळ्या बागेवर जाल, हे डोक्यातही आलं नाही.

आणि एक सांगतो. चुकीचं असलं तर या पत्रानं चूल पेटवा. झाडं तिच्या वाटेत येतात म्हणून तुम्ही ती काढताय, असं मला वाटत नाही. त्या दिवशी झाडांनी तुम्हाला अडवलं, म्हणून काढताय. आई, तुम्हाला झाडांनी अडवलं नाही. तिनं अडवलं. आणि ती तुमच्यावर जीव टाकत होती म्हणून अडवलं. नको असलेल्या माणसापुढे कोण शूर होतं?

ती त्या संध्याकाळी आली का, ते मला माहीत नाही. तुम्ही गेल्यावर मी दार परत उघडलं आणि चौरंगासमोर बसून राहिलो. काही दिसलं नाही, काही हललं नाही. शेवटी तो ग्लास मीच प्यायलो. आजवर केलेल्या सगळ्या बिअरमध्ये ही सर्वांत चांगली झालीय. पहिल्यांदाच खात्री आहे, आणि ती सांगायला माणूस नाही. मी खूप रडलो. शेजारचे सभ्य आहेत, त्यांनी पुन्हा टीव्ही लावला.

मला मोकळं व्हायचं नाही. आपल्या दोघांत नातवंडाचा धागा नाही, हे मला कळतं. कायद्यानं, रीतीनं, तुम्ही माझ्या कोण हे आता कुणी सांगू शकणार नाही. पण तुमच्यासारखं कडाडून बोलणारं दुसरं कुणी माझ्या ओळखीचं नाही, आणि ते ऐकल्याशिवाय माझा हिवाळा जायचा नाही.

झाडं राहू द्या.

अजून तरी तुमचा जावई,
तक इन-ग्यू

•

जांगहोवॉन
२ डिसेंबर

तक जावयांना,

शाळेतल्या आमच्या बाई सांगतात पत्रात आधी हवामान लिहावं. थंडी आहे.

तुमचं पत्र मिळालं. पोस्टमन म्हणाला, आजी, एवढं जाड, कोर्टाचं आहे का? मी म्हटलं जावयाचं आहे, त्याला थोडक्यात काही येत नाही.

'तुम्ही', 'आपण' असं मानानं लिहायला पेन फार चालवावं लागतं. बोटं दुखतात. म्हणून इथून पुढं तू लिहिते. बाईंना सांगू नको. आई म्हणायचं की नाही ते तू ठरव. म्हणालास तर मी ओ देईन.

त्या गांगह्वाच्या बाईला सांग, तिनं लसूणच सोलावा. पूर्वेच्या फांदीला सकाळचं ऊन लागतं, हे तिचं खरं. म्हणून तर सगळ्यात गोड फळ त्याच फांदीला येतं. ती छाटायची? कंपास घेऊन येणाऱ्या त्या बँकवाल्याला म्हणावं, आधी कोयता कसा धरतात ते शीक. मी एकसुद्धा पूर्वेची फांदी छाटणार नाही.

जेसीबीवाला आला होता. मी तुझं पत्र वाचत बसले होते, त्याला म्हटलं थांब. तो थांबला. कॉफी प्यायला. परत थांबला. मग म्हणाला, आजी, करू काय? मी त्याला वठलेली दोन झाडं दाखवली, ती काढली. मग म्हटलं आलाच आहेस तर नाला साफ करून दे. नाला फार छान झाला. बाकीची झाडं आहेत तिथं आहेत.

लोक विचारतात बाग का ठेवली. मी म्हणते नाला साफ झाला म्हणून. बसतात डोकं खाजवत.

आता त्या दिवसाचं लिहिते. हे मी कुणाला बोलले नाही. लिहायला येत नव्हतं तोवर बरं होतं.

गा-हुई खोटं बोलली की मोठ्यानं बोलते. लहानपणापासून. गणितात नापास झाली तेव्हा फाटकातूनच ओरडत आली, आई, मी पास! गल्लीला ऐकू गेलं. त्या दिवशी फोनवर ती तशीच मोठ्यानं बोलली, मी मस्त आहे. मी शिडीवर होते. मला तेव्हाच कळलं. आईला कळत नाही का? मी फोन खिशात ठेवला आणि पीच तोडत राहिले. दुपार झाली तरी तोडत राहिले. बस होती. सरपंचाची गाडी होती. मी गेले नाही.

का गेले नाही, ते वर्षभर स्वतःला विचारलं. पीचला दोष दिला. तुझ्या ग्लासाला दिला. तुला घालून पाडून बोलले. तुझं पत्र वाचलं आणि तिचं ते बोलणं आलं, आई समोर असली की शूर व्हावं लागतं. मी पत्र खाली ठेवलं. इन-ग्यू, माझंही तेच होतं. तिच्यासमोर गेलं की हसायचं, भात भरवायचा, बरी होशील म्हणायचं. त्या दिवशी मीपण दमले होते. मला वाटलं, आजचा दिवस झाडावर काढते, उद्या परत शूर होईन.

माझी लेक माझ्यासारखीच निघाली. दोघी एकाच दिवशी दमलो. तिनं मला सोडलं आणि मी तिला. हे कळल्यावर मी स्वयंपाकघरात बसून एवढी रडले की कोंबड्या दारात येऊन बघायला लागल्या. मग भूक लागली. वर्षानं लागली. दोन वाट्या भात खाल्ला.

तुझी ती बिअर किती शिल्लक आहे? एक बाटली मला ठेव. मला बिअर आवडत नाही, वाईट असली तर तोंडावर सांगेन. तुला तेच पाहिजे असतं, असं दिसतं.

मे महिन्यात झाडावरची कोवळी फळं विरळ करायला माणसं लागतील. तुझ्या त्या फासे टाकणाऱ्यांना घेऊन ये. जेवायला घालीन. पण राक्षसांच्या गप्पा झाडाखाली, घरात नाही.

पुढच्या वर्षीच्या श्राद्धाचं मी ठरवलंय. तिची तिथी पिवळ्या पीचच्या दिवसांत येते. तेव्हा मला बाग सोडून सुवॉनला यायला जमायचं नाही, आणि आता यायचंही नाही. चौरंग इथं मांडू. फाटकाजवळच्या मोठ्या झाडाखाली, पूर्वेच्या फांदीच्या बरोबर खाली. पीच ठेवू, बिअर ठेव, काय ठेवायचं ते ठेव. कामाला ती आळशीच होती, पण फळ पिकलं की घरी यायची चुकली नाही कधी.

तू आदल्या दिवशी ये. मी वर चढेन, तू शिडी धर.

गा-हुईची आई